नाव न घेता दिलेली हाक

डब्यातली कॉफी संपवा रे, गार होईल. पोलिसांचा फोन आल्याशिवाय रस्ता अडवता येत नाही, आणि तो फोन कधीच वेळेवर येत नाही. माझे केस त्याची वाट बघण्यातच पिकले.

मघाशी यंत्र तपासताना ओरडत कोण होतं? "दिव्याचा खांब, वर चाललोय," असं? तू होतास ना शिराइशी? ओरड बाबा, इथं ओरड. हा सपाट रस्ता आहे आणि खाली गटारापलीकडे काही नाही. पण पुढच्या आठवड्यात आपण इवागोएला जाणार आहोत. कोळशाच्या खाणीचं गाव आहे ते. तिथं चढण लागली की माझ्या पथकात कुणी खुणा मोठ्यानं सांगायच्या नाहीत. हात हलवा, कागदावर मांडा, नाहीतर जवळ जाऊन कानात सांगा. ओरडायचं नाही म्हणजे नाही.

हसताय? हसा. तोकुनागासुद्धा असाच हसला असता.

तोकुनागा कान्जी. माझ्याबरोबर रस्त्याखालच्या पोकळ्या शोधणारा हा रडारचा गाडा ढकलण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. मोठ्या आवाजाचा आणि तितक्याच मोठ्या भुकेचा माणूस. जन्म इवागोएचा. तो चार वर्षांचा असताना तिथल्या खाणीत स्फोट झाला. आग विझेना, म्हणून शेवटी आत पाणी सोडलं. आत एकोणीस माणसं होती. कान्जीचा बाप त्यातलाच, मासुजी त्याचं नाव. एकाचंही प्रेत वर आलं नाही. पुढे खाण बंद पडली, तोंडावर काँक्रीटची भिंत उभी राहिली, लोक ओसाकाला, नागोयाला पांगले. कान्जीची आई मात्र तिथंच राहिली.

किनुए तिचं नाव. वय शहाऐंशी, पण कंबर ताठ. कान्नोन चढणीच्या माथ्यावर, वळणाला तिचं घर. रोज रात्री न्हाणीतला टब गरम करून ठेवायची, कारण नवरा पाळीवरून आला की आधी अंघोळ, मग जेवण. कान्जी शहरात चौथ्या मजल्यावर एकटा राहायचा. त्यानं आईला किती विनवलं असेल, त्याला गणती नाही. ती म्हणायची, "मी येईन रे. पण त्यांना हेच घर ठाऊक आहे. ते आले आणि दाराला कुलूप दिसलं तर?"

आणि इकडे ती चढण आतून पोकळ होत चाललेली. पावसाळ्यात एकदा खचली, वरवर बुजवली. आपली रडारची मोठी गाडी तिथून फिरली तेव्हा जागोजागी पोकळीचा संशय निघाला. आता हातगाड्यानं बारकाईनं बघायचं होतं. कान्जीनं ते काम मागून घेतलं. रस्ता पोकळ आहे असा अहवाल झाला की नगरपालिका घरं रिकामी करणार, आणि आईला उठावंच लागणार. रस्ता तिला घेऊन खाली जाण्याच्या आत तिला तिथून काढायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

दोन हजार चोवीस साल. नोव्हेंबरची एकवीस तारीख, गुरुवारची रात्र. अकराच्या सुमाराला त्यांनी चढणीचा रस्ता दोन्हीकडून बंद केला. नोंदी घ्यायला कुसाबा मिनोरी होती. तिशीची, हुशार, कुणाला न घाबरणारी पोरगी. नंतर तिनं हे काम सोडलं. आता भावाच्या रोपवाटिकेत असते. मी दोघांकडून स्वतंत्रपणे ऐकलंय, आणि दोघांच्या सांगण्यात कुठं फट नाही.

तुम्ही नवे आहात म्हणून सांगतो. गाडा ढकलला की पडद्यावर जमिनीचा काप दिसतो. खाली दगड असेल, आडवा पाइप असेल, तर उलट्या कढईसारखी कमान उमटते. आपण जवळ जातो तशी ती चढते, पुढे गेलो की उतरते. एका जागी पडून असलेल्या वस्तूची कमानच व्हायला हवी.

चढणीच्या एका बाजूला कडा, दुसरीकडे झाडी, त्यामुळे उपग्रहावरून जागा कळेना. चढावर चाकही घसरत होतं, मोजलेल्या अंतराचा भरवसा नाही. मग आपली जुनी पद्धत. गाडा ढकलणाऱ्यानं येईल ती खूण ओरडून सांगायची, चढाची फेरी की उताराची तेही सांगायचं, आणि मागच्यानं नोंदवायचं. काम सुरू झालं खाणीच्या बंद तोंडापासून. कान्जीनं घसा साफ केला आणि ओरडला, "खाणीची भिंत. वर चाललोय."

थोडं पुढे जाऊन, "जुनं न्हाणीघर. वर चाललोय."

न्हाणीघर मागे पडलं तेव्हा पडद्यावर एक रेघ आली. दीड मीटर खाली. कमान नव्हती, सरळ रेघ. कान्जीला वाटलं, रस्त्याच्या बरोबरीनं जाणारा पाइप असेल. पण नगरपालिकेच्या नकाशात त्या बाजूला पाइप नव्हता. खात्री करायला त्यानं गाडा हातभर डावीकडे घेतला. रेघ तिथंही. पार दुसऱ्या कडेला नेला. तिथंही तेवढीच, तेवढ्याच खोलीवर. मग तो म्हणाला की यंत्रच बिघडलंय, आणि दोघांनी मिळून गाडा जमिनीवरून उचलला. यंत्राचा दोष असता तर उचलल्यावरही रेघ राहिली असती ना?

गेली. खाली टेकवला... परत आली.

म्हणजे जे काही होतं ते जमिनीत होतं. आणि जिथं गाडा जाईल, तिथं ते होतं.

कुसाबा म्हणाली की आज इथंच थांबू. पण कान्जीला घाई होती. पोकळी जितकी मोठी निघेल तितकी त्याला हवीच होती. त्यानं गाडा ढकलला. "दारूचं बंद दुकान. वर चाललोय." मग जिझोची, वाटेवरच्या राखणदार देवाची, दगडी मूर्ती लागली, लाल आंगडं घातलेली. तिचंही नाव घेऊन झालं.

कुसाबाच्या हातातल्या पडद्यावर तेच चित्र दिसत होतं. प्रत्येक खुणेला ती एक उभी रेघ मारायची. जिझोपाशी ती थांबली. मागचं चित्र सरकवून बघितलं. पुन्हा बघितलं.

"तोकुनागा-सान," ती हळूच म्हणाली, "आता बोलू नका."

"का गं?"

"तुम्ही बोललात की ते वर येतंय."

त्यानं तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. रेघ सपाट जात होती. जिथं त्याची हाक, तिथं एक पायरी वर. मग पुन्हा सपाट. पुढची हाक, आणखी एक पायरी. दीड मीटरपासून निघालेलं ते आता गुडघाभर खोलीवर होतं.

कान्जी गप्प झाला.

मागे फिरावं, तर उतारावरून त्याच्याच डोक्यावरून जायचं. वर आईच्या घरचा दिवा दिसत होता. दोघांनी एक शब्द न बोलता गाडा ढकलायला सुरुवात केली. न्हाव्याचं दुकान आलं, गेलं. कुणी नाव घेतलं नाही. रेघ सपाट. वारा नाही. ओल्या कोळशाचा वास मात्र यायला लागला. कुसाबा म्हणते, पायाखालचा डांबरी रस्ता कोमट लागत होता. बुटातून.

वळण आलं. फाटक आलं.

फाटकात म्हातारी उभी होती. कापूस भरलेलं जाड जाकीट, वर पाठही झाकणारा बाह्यांचा पांढरा एप्रन. ती मुलाकडे बघत नव्हती. गाड्याच्या खाली बघत होती. मग कमरेत वाकली, पाहुण्यांपुढे वाकतात तशी, खूप वेळ.

"दमला असाल," ती म्हणाली. "या. पाणी गरम आहे."

पडदा काळा झाला. वरपासून खालपर्यंत. रेघ नाही, माती नाही, काही नाही. मग एकदम स्वच्छ. खाली फक्त रस्त्याची खडी आणि पोकळ जागा.

फाटक कुणी ढकललं नाही. ते हललं.

कुसाबा गाडीत जाऊन बसली, दारं लावून घेतली, आणि उजाडेपर्यंत उतरली नाही. आईनं कान्जीचा हात धरून त्याला पायरीवर बसवलं आणि विचारलं, "कोणाला घेऊन आलास?"

"कुणाला नाही आई. काम करत होतो. खुणा सांगत होतो."

"खाणीच्या तोंडापासून? वर चाललोय, वर चाललोय, असं?"

त्यानं मान हलवली.

"आणि नाव कुणाचं घेतलंस?"

"नाव... कुणाचंच नाही."

म्हातारी त्याच्या शेजारी टेकली. मग तिनं सांगितलं. कान्जी शाळेत असतानाच खाण बंद झाली, त्यामुळे त्याच्या कानावर हे कधी आलंच नव्हतं. खाणीत माणूस मेला की त्याला मुक्यानं वर आणत नसत. सोबती त्याच्याशी बोलत यायचे. नाव घ्यायचं, जागा सांगायची, वर चाललोय म्हणायचं. प्रत्येक वळणाला. नाहीतर देह वर यायचा आणि माणूस खालीच राहायचा, अंधारात, कुठं वळायचं ते न कळून. आणि नाव घ्यायचंच, कारण खाली आणखीही कितीतरी असतात, वाट बघत.

"त्या एकोणीस जणांना कुणी हाक दिलीच नाही," ती म्हणाली. "आज तू दिलीस. पण कुणाला, ते सांगितलं नाहीस."

मग तिनं मुलाला पांघरूण दिलं आणि झोप म्हणाली. झोप कसली येते. रात्रभर न्हाणीतून आवाज येत होता. तांब्यातून अंगावर पाणी ओतल्याचा. थांबायचा. दार सरकायचं. पुन्हा पाणी. बोलणं नाही, खोकला नाही. आई त्याच्या शेजारच्या गादीवर बसून होती. म्हणजे न्हाणीत आई नव्हती.

उजाडल्यावर तो उठून बघायला गेला. टबमधलं पाणी काळं कुळकुळीत, तळाशी बोटभर गाळ. पांढऱ्या फरशीला काळे ओघळ. आणि खिळ्यावर बापाचा टॉवेल. आईनं रोजच्यासारखा संध्याकाळी टांगलेला. कोरडा. घडीसुद्धा मोडली नव्हती.

म्हातारी त्या टॉवेलकडे बघून खाली बसली. कान्जी सांगतो, आईला रडताना त्यानं तेव्हा पहिल्यांदा बघितलं. बाकीचे सगळे आले, आणि ज्याच्यासाठी तिनं उभा जन्म पाणी तापवलं तोच तेवढा आला नव्हता. रडून झाल्यावर ती चिडली. नवऱ्यावरच. "बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात पाय टाकायचा नाही हा माणूस. लाजरा मेला. नाव घेऊन बोलवायला हवं होतं."

मग ती उठली आणि म्हणाली, "कान्जी, गाडी काढ. त्यांना घेऊन मी तुझ्याकडे येते."

इतकी वर्षं ज्या एका वाक्यासाठी तो झुरला ते असं आलं, आणि ऐकून त्याला घाम फुटला. पण त्यानं गाडी काढली. आवराआवर करता करता नोव्हेंबरचा दिवस संपत आला. निघताना आईनं घराचं दार उघडंच ठेवलं. तो म्हणाला, कुलूप लावू. ती म्हणाली, "आत माणसं आहेत."

बरं झालं निघाले ते. रविवारी पहाटे ती चढण बसली. वळण, फाटक, पायरी, सगळं गेलं. आपल्या साहेबांनी त्या रात्रीचं चित्र यंत्राचा दोष म्हणून बाजूला टाकलं होतं. त्यांच्या खुर्चीखाली बसायला हवी होती ती चढण.

असो. दोघं आधी खाणीच्या भिंतीपाशी गेले. म्हातारीनं भिंतीला हात टेकवला. त्या काळच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. तिनंही कधी घेतलं नव्हतं. तिला ते जमेना. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. कान्जी गाडीत बसून आरशातून बघत होता. शेवटी तिनं घेतलं.

"मासुजी. मी किनुए. आपण वर चाललोय."

मागच्या सीटवर बसली, शेजारी जागा सोडून. आणि सबंध वाट ती बोलत राहिली. मासुजी, जुनं न्हाणीघर. मासुजी, जिझो आला. मासुजी, हे आपलं घर, पण इथं थांबायचं नाही, पुढं चाललोय. मासुजी, पूल आला. खाली नदी आहे, घाबरू नका. मासुजी, हे शहर, दिवे फार आहेत, डोळे दिपतील. कान्जीनं आरसा वर वळवून ठेवला. गाडीत ओला वास दाटत गेला तरी त्यानं काच उघडली नाही. काच उघडली आणि कुणी बाहेर पडलं, तर?

इमारतीपाशी पोचले तेव्हा पुरता अंधार झाला होता. लिफ्ट नऊ माणसांची. दोघं आत शिरले. म्हातारी म्हणाली, "मासुजी, लिफ्ट आहे. चौथ्या मजल्यावर जायचंय. वर चाललोय."

दार बंद होईना.

पीं... पीं... पीं...

वजन जास्त झाल्याचा आवाज. आत दोन माणसं. त्यातली एक चिपाडासारखी म्हातारी.

कान्जीला वाटलं आईला उचलावं आणि पळत सुटावं. आईनं मात्र हळूच मागे वळून बघितलं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. एकेकाकडे बघावं तसं.

"सगळेच आलात होय," ती म्हणाली. "खरंय. तुम्हाला तरी कोण बोलावणार होतं."

ती बाहेर आली, मुलालाही बाहेर ओढलं. आवाज थांबला. दार आपसूक मिटलं. लिफ्ट वर गेली. चौथ्यावर थांबली. खाली आली.

दार उघडलं. रिकामी. थोडा वेळ उघडंच राहिलं. मिटलं. वर गेली.

म्हातारी दर खेपेला वाकत होती. कान्जी भिंतीला पाठ लावून उभा. किती खेपा झाल्या त्यानं मोजल्या नाहीत. मध्येच कुणी रहिवासी बाहेरून आला, लिफ्ट बघून चरफडला आणि जिन्यानं गेला.

मग एकदा दार उघडलं, आणि तसंच राहिलं.

"तुझे वडील टोळीचे मुकादम होते," आई म्हणाली. "सगळे वर पोचल्याशिवाय ते कधी निघाले नाहीत. त्या दिवशीही तेच केलं असणार." तिनं आत पाऊल टाकलं. कान्जीही गेला. आवाज झाला नाही.

"मासुजी," ती म्हणाली. "आता आपणच राहिलो. चला."

लिफ्ट वर गेली.

घरात शिरल्यावर कान्जीनं दिवा लावला. आई बूट काढायला वाकली, आणि त्याला तिची पाठ दिसली. पांढऱ्या एप्रनवर, उजव्या खांद्याला, कोळशाचा पंजा. पाचही बोटं उमटलेली. चढताना दमलेला माणूस पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवतो, तसा.

बाकीचे तिथं राहिले की कुठं गेले, मला ठाऊक नाही, आणि मी विचारलंही नाही. किनुएबाई मजेत आहेत. रात्री पाणी तापवत नाहीत आता, लवकर झोपतात. तो एप्रन त्यांनी धुतला नाही, कपाटात टांगून ठेवलाय.

गेल्या महिन्यात मी गेलो होतो, तेव्हा त्यांनी दाखवला. मी त्या पंज्याला बोट लावून बघितलं.

अजून ओला आहे.